नावाने गाडी बुडत नाही

व्यवस्थापनाच्या वर्गांत, रविवारच्या पुरवण्यांत आणि आता घराघरांतल्या मोबाइलवर एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. जनरल मोटर्सने ‘शेव्हरोले नोव्हा’ नावाची गाडी लॅटिन अमेरिकेत नेली. स्पॅनिशमध्ये ‘नो व्हा’ म्हणजे ‘चालत नाही’. जी चालतच नाही ती गाडी कोण घेणार? गाडी पडून राहिली, कंपनीचं हसं झालं. मग त्याच दमात पुढची यादी येते. फोर्ड पिंटो, मित्सुबिशी पजेरो, आणखी चार-दोन नावं. प्रत्येक नावाचा कुठल्या तरी भाषेत काहीतरी वंगाळ अर्थ निघतो आणि प्रत्येक गाडी म्हणे त्या अर्थापायी बुडाली.

ही गोष्ट खोटी आहे. नुसती खोटी असती तर मी तिच्यावर शाई खर्च केली नसती. ती ज्या लोकांबद्दल सांगितली जाते त्यांना ती बावळट ठरवते आणि त्या लोकांत आपणही येतो, हे माझं मुख्य म्हणणं आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारं छोटं प्रेस शॉप चालवण्यात माझं उमेदीचं आयुष्य गेलं. गाडी खपली की काय होतं आणि पडली की काय होतं, ते मी यंत्राशेजारी उभं राहून पाहिलं आहे. म्हणून ही गोष्ट कोणी कौतुकाने सांगू लागलं की मला गप्प बसवत नाही.

आधी नोव्हाचा निकाल लावू. ती गाडी मेक्सिको आणि व्हेनेझुएलात विकली गेली आणि चांगली खपली. ‘नोव्हा’ हा शब्द स्पॅनिश माणसाला परका नाही. अचानक तेजाळणाऱ्या ताऱ्याला तिकडेही तेच म्हणतात. उच्चारताना आघात पहिल्या अक्षरावर येतो. ‘नो व्हा’ म्हणताना तो दुसऱ्यावर जातो. ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. आणि याहून मोठा पुरावा पेट्रोल पंपावर होता. मेक्सिकोची सरकारी तेल कंपनी पेमेक्स हिने आपल्या पेट्रोललाच ‘नोव्हा’ नाव दिलं होतं. सारा देश वर्षानुवर्षं ते पेट्रोल टाकीत भरून फिरत होता. आपलं पेट्रोल ‘चालत नाही’ असं म्हणतंय, हे कोणाच्या मनातही आलं नाही.

येणार तरी कसं? कर्जतचं तिकीट काढताना आपल्याला कर्ज आठवतं का? निफाड तालुक्यात विंचूर आहे. तिथे कांद्याचा बाजार भरतो, औद्योगिक महामंडळाचं वाइन पार्क आहे. तिथून आलेली बाटली उघडताना कोणी दचकल्याचं मी ऐकलेलं नाही. साप पोटात घेऊन बसलेल्या सापुताऱ्याला नाशिककर नवी जोडपी फिरायला जातात. नाव हे नाव असतं आणि शब्द हा शब्द असतो, हे चार वर्षांच्या मुलालाही उमगतं. शेजारच्या काकूंचं आडनाव ‘वाघ’ म्हणून ते त्यांच्या घरी जायला घाबरत नाही. मग मेक्सिकोतला चांगला मिळवता, घासाघीस करून गाडी घेणारा माणूसच एवढा भोळा कसा निघाला? त्याला भोळा ठरवणं सांगणाऱ्याच्या सोयीचं होतं. श्रीमंत देशांतल्या वर्गखोल्यांत ही गोष्ट रंगवून सांगितली गेली. वरवर ती आपल्याच कंपनीच्या निष्काळजीपणावर हसते, पण गाडी न खपण्याचं जे कारण ती देते ते मात्र गिऱ्हाइकाचा अडाणीपणा हेच असतं. तो बिचारा शब्दाला अडखळतो, त्याला इंजिन, किंमत, सर्व्हिस यातलं काय कळणार!

आता नाशिकच्या सातपूरला, महिंद्राच्या कारखान्याकडे या.

महिंद्राने २००२ साली स्कॉर्पिओ बाजारात आणली ती नाशिकच्या कारखान्यातून. स्कॉर्पिओ म्हणजे विंचू. ते आपण राशीच्या पानावर रोज वाचतो, आणि इंग्रजी शाळेत गेलेल्या कोणत्याही मुलाला ते ठाऊक असतं. आणि हा विंचू आपल्याकडे पुस्तकातला नाही. कोकणातला लाल विंचू माणसं मारत होता. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार शोधून काढीपर्यंत दंश झालेल्या मुलांना वाचवणं डॉक्टरांच्याही हाताबाहेर जायचं. एकनाथांनी भारूड रचलं ते याच विंचवावर, आणि त्याला काम-क्रोधाचं रूप दिलं, कारण त्याच्याइतकी चटकन कळणारी वेदना खेड्यातल्या श्रोत्याला दुसरी नव्हती. म्हणजे त्या यादीचा नियम खरा असता, तर महाराष्ट्रात या गाडीला कुत्रं विचारायला नको होतं. प्रत्यक्षात २०२३ च्या जूनपर्यंत स्कॉर्पिओचा आकडा नऊ लाखांच्या पुढे गेला. कांद्याला भाव मिळालेल्या वर्षी निफाड, चांदवड, सिन्नर या भागांत दारापुढे कोणती गाडी उभी राहायची, ते या जिल्ह्यात कोणालाही विचारा.

एका दसऱ्याला पिंपळगावच्या बाजूच्या एका ओळखीच्या कुटुंबाने अशी गाडी घेतली. पूजेला मी होतो. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशांना झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. घरातली म्हातारी हळद-कुंकवाची कोयरी घेऊन मागच्या बाजूला गेली आणि दारावरच्या चकचकीत अक्षरांवर एकेक बोट टेकवत गेली. एकही अक्षर तिने सोडलं नाही. मी म्हणालो, “मावशी, या गाडीचं नाव विंचू आहे बरं का.” ती म्हणाली, “असंना का. इच्चू आम्ही रोज चपलेनं मारतो. गाडीचा हप्ता तेवढा टायमावर गेला पाह्यजे.”

त्या बाईने जे सांगितलं ते त्या साऱ्या यादीला पुरून उरतं. गाडी घेणाऱ्याच्या मनात काय असतं? हप्ता असतो. डिझेल किती खाते ते असतं. सप्तशृंगीच्या चढाला सात माणसं घेऊन दम टाकते का, बिघडली तर येवल्यात मिस्त्री मिळेल का, पाच वर्षांनी विकताना काय येईल, हे असतं. स्कॉर्पिओ खपली कारण महिंद्राच्या पवन गोएंकांच्या हाताखालच्या तरुण चमूने कमी खर्चात, पुरवठादारांना आराखड्याच्या टप्प्यापासून सोबत घेऊन, २.६ लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनाची एक दणकट गाडी उभी केली आणि ती परदेशी गाड्यांपेक्षा बऱ्याच कमी किमतीत दिली. विंचवाने तिला तारलं नाही आणि बुडवलंही नाही.

याच कारखान्यातून निघणारी दुसरी गाडी थार. नाव वाळवंटाचं. पण रोमन लिपीत ते ज्या अक्षरांनी लिहिलं जातं, ती अक्षरं मराठी माणसाने जरा वेगळी वाचून पाहावीत. ठाण्याच्या नावाच्या सुरुवातीला जी दोन अक्षरं असतात तीच हिच्याही सुरुवातीला आहेत. त्या हिशेबाने वाचलं तर गाडीच्या पाठीवर ‘ठार’ लिहिलेलं आहे. घाटातून वेगाने जाणाऱ्या गाडीला याहून अशुभ शब्द मराठीत शोधून सापडायचा नाही. पण ही गोष्ट सांगून कोणी एक तरी बुकिंग रद्द केलेलं आहे का? २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये थार रॉक्सची नोंदणी खुली झाली, तेव्हा पहिल्या तासातच १ लाख ७६ हजारांवर लोकांनी पैसे भरले. त्यांत हजारो मराठी घरं असणार. त्यांना वाचता येतं, अर्थही कळतो, आणि तरी त्यांनी गाडीच घेतली, शब्द घेतला नाही.

नाशिकला त्याच्याही आधीचा एक दाखला आहे, आणि तो विसरला गेला आहे. महिंद्रा आणि फोर्ड यांनी १९९५ मध्ये भागीदारी केली आणि पुढच्या वर्षी भारतातली फोर्ड एस्कॉर्ट बाहेर पडली ती नाशिकमधून. चेन्नईजवळचा फोर्डचा कारखाना नंतरचा. एस्कॉर्ट या इंग्रजी शब्दाला सोबत किंवा संरक्षण या अर्थांबरोबर एक बाजारू अर्थही आहे. म्हणजे इथे दुसरी भाषाही नको, त्याच भाषेत वंगाळ अर्थ हजर आहे. पण ज्या ब्रिटनची ती भाषा, तिथे १९६८ पासून हीच गाडी वर्षानुवर्षं सर्वांत जास्त खपणाऱ्या गाड्यांत होती. आणि आपल्याकडे त्याच नावाच्या कंपनीचे ट्रॅक्टर शेतकऱ्यांनी घेतले, त्याच नावाच्या दिल्लीच्या हृदयरोग रुग्णालयात माणसं छातीवर शस्त्रक्रिया करून घ्यायला गेली. भारतात एस्कॉर्ट फार चालली नाही हे खरं. पण ती महाग होती, परदेशात जुनी झालेली होती, आणि तिच्या आगेमागे ओपेल, देवू, होंडा, ह्युंदाई सगळेच दार ठोठावत आले. भारतासाठी घडवलेली आयकॉन १९९९ मध्ये आली आणि फोर्डला जम बसवता आला.

आता त्या यादीचा कट्टर भक्त मला महिंद्राच्या मराझ्झोची आठवण करून देईल, म्हणून मीच देतो. ३ सप्टेंबर २०१८ रोजी मराझ्झोचं अनावरण झालं तेही नाशिकला. कंपनीने सांगितलं की हे नाव बास्क भाषेतल्या शार्क माशाच्या नावावरून घेतलं आहे. मराठी कानाला त्यात पहिल्यांदा ‘मरा’ ऐकू येतं. गाडी पुढे फारशी चालली नाही. झालं, यादीला नवं नाव मिळालं! पुढच्या पिढीच्या वर्गांत कोणीतरी सांगेल की महाराष्ट्रातल्या लोकांना गाडी ‘मरा’ म्हणत होती म्हणून त्यांनी ती घेतली नाही.

असं कोणी सांगितलं तर ते धडधडीत असत्य असेल. वाल्या कोळ्याच्या तोंडी नारदाने ‘मरा मरा’च दिलं आणि त्यातून राम निघाला, ही कथा ऐकत पंचवटीत पिढ्या वाढल्या. ‘मरा’ ऐकून पाठ फिरवणारं हे गाव नव्हे. मराझ्झो मागे पडली त्याची कारणं कागदावर आहेत. ती फक्त डिझेलवर होती. तिला ऑटोमॅटिक गिअर शेवटपर्यंत मिळाला नाही. तिच्यानंतर तीनच महिन्यांच्या आत, नोव्हेंबर २०१८ मध्ये, नवी अर्टिगा आली. ती पेट्रोलवरही मिळत होती, ऑटोमॅटिकही होती आणि खिशालाही हलकी. वरच्या बाजूला इनोव्हाने जागा अडवून धरली होतीच. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, डिझेल इंजिनं महागली, गिऱ्हाईक पेट्रोलकडे वळलं. आणि २०२१ मध्ये त्याच कंपनीची सात जणांची एक्सयूव्ही ७०० आली, मग मराझ्झोकडे बघायला कोण उरलं? गाडी वाईट नव्हती. अपघात चाचणीत तिला ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळाले होते. तिच्यात बसून लांबचा प्रवास केलेली माणसं आजही तिचं नाव काढतात. चुकलं ते हिशेबात चुकलं, इंधनाच्या अंदाजात चुकलं.

हा फरक मला एवढा का लागतो, ते सांगतो. एखाद्या गाडीचं शेड्यूल कमी झालं की सातपुरात बातमी होते, पण अंबडच्या गाळ्यात प्रेस थांबतो. महिन्याला इतके हजार ब्रॅकेट लागणार म्हणून डाय बनवलेली असते, कर्ज काढलेलं असतं, दोन पाळ्यांची माणसं ठेवलेली असतात. एका ब्रॅकेटचं भोक अर्धा मिलिमीटर सरकलं तर अख्खा लॉट रिजेक्ट होऊन परत येतो, आणि तो सुधारायला माणसं रात्रभर बसतात. इतक्या हातांची ही कमाई किंवा ठोकर असते. ती कशामुळे मिळाली याचा खरा हिशेब आम्हाला हवा असतो, कारण पुढची डाय टाकायची की नाही ते त्यावर ठरतं. त्या जागी ‘नाव वंगाळ निघालं हो’ असं हसत सांगणं म्हणजे आमच्या कष्टांची आणि चुकांचीही किंमत न कळणं आहे.

या हसण्याने काय काय झाकलं जातं, त्याचं सर्वांत भयंकर उदाहरण पिंटो आहे. यादी सांगते की फोर्डने पिंटो ब्राझीलला नेली, तिथल्या बोलीत त्या शब्दाचा अश्लील अर्थ होता, म्हणून नाव बदलून ‘कोर्सेल’ ठेवावं लागलं. तारखा पाहा. कोर्सेल ब्राझीलमध्ये १९६८ साली आली. पिंटोचा अमेरिकेत जन्मच झाला तो १९७० साली. नाव बदलून आलेली गाडी मूळ गाडीच्या दोन वर्षं आधी कशी येईल? कोर्सेल ही वेगळीच गाडी होती, रेनोच्या आराखड्यावर बेतलेली. एवढी साधी तपासणीही हसणाऱ्यांनी केली नाही.

आणि पिंटोची खरी कहाणी काय आहे? तिची पेट्रोलची टाकी मागच्या आसाच्या मागे होती. पाठीमागून धडक बसली की टाकी फुटून गाडी पेट घ्यायची. माणसं आत जळाली. खटले झाले, १९७८ साली सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना नीतीचा धडा म्हणून जे प्रकरण शिकवायला हवं, त्याच गाडीचं नाव आपण पोरकट विनोदासाठी वापरतो. पन्नास वर्षांनी लोकांच्या लक्षात काय राहिलं? शब्द राहिला. टाकी विसरली गेली.

मला उत्तर म्हणून एक बळकट उदाहरण दिलं जातं, ते टाटांच्या झिकाचं. त्याला बगल देणार नाही. टाटा मोटर्सने नव्या छोट्या गाडीचं नाव ‘झिका’ ठरवलं होतं, ‘झिपी कार’ या शब्दांतून काढलेलं. जाहिराती सुरू झाल्या होत्या. नेमक्या त्याच महिन्यांत दक्षिण अमेरिकेत झिका विषाणूची साथ पसरली. १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली, दुसऱ्या दिवशी कंपनीने नाव बदलण्याचं ठरवलं, आणि लोकांकडून नावं मागवून त्याच महिन्यात ‘टियागो’ नक्की केलं. योग्यच केलं. ज्या दिवसांत अपुऱ्या वाढीचं डोकं घेऊन जन्मलेल्या बाळांची छायाचित्रं रोज दिसत होती, त्या दिवसांत ते नाव मिरवणं निर्दयपणाचं झालं असतं. पण हा दोन भाषांमधला घोटाळा नव्हे. ही एक आपत्ती होती आणि तिची चाहूल कोणत्याही शब्दकोशात लागली नसती. शिवाय एकही गाडी विकली जाण्याआधी नाव बदललं. त्या नावाने गाडी बुडाली असं म्हणायला तिला पाण्यात उतरायलाच मिळालं नाही.

जे जे खरे दाखले आहेत ते सगळे असेच आहेत. पजेरो या शब्दाला स्पॅनिश बोलीत अश्लील अर्थ आहे हे खरं. म्हणून मित्सुबिशीने स्पॅनिश देशांत तीच गाडी ‘मोंतेरो’ नावाने विकली. ह्युंदाईची ‘कोना’ पोर्तुगालमध्ये ‘कवाई’ झाली. रोल्स रॉइसच्या मनात ‘सिल्व्हर मिस्ट’ होतं. जर्मनमध्ये ‘मिस्ट’ म्हणजे शेण, म्हणून १९६५ मध्ये गाडी आली ती ‘सिल्व्हर शॅडो’ म्हणून. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी वेळेवर विचारलं, पाठीवरची अक्षरं बदलली, काम झालं. आमच्या स्कॉर्पिओलाही इटली आणि स्पेनमध्ये ‘गोवा’ या नावाने विकलं गेलं. युरोपात स्कॉर्पिओ नावाची फोर्डची गाडी १९८५ ते १९९८ पर्यंत आधीच विकली गेली होती. नाशिकचा विंचू गोवा होऊन रोमच्या रस्त्यावर फिरला आणि त्याचं काही बिघडलं नाही. नावाच्या बाबतीत कंपन्यांना खरा धसका असतो तो मालकीहक्काचा. २०२४ च्या अखेरीस महिंद्राच्या विजेवरच्या ‘बीई ६ई’ला शेवटचं अक्षर सोडावं लागलं ते इंडिगो या विमान कंपनीने ‘६ई’वर हक्क सांगून दिल्लीत दावा लावला म्हणून. पण वकिलांच्या नोटिशीत हसण्यासारखं काही नसतं, म्हणून ती यादीत येत नाही.

आणि ज्यांनी नाव बदललं नाही त्यांचं काय झालं? चेक भाषेत ‘श्कोडा’ या शब्दाचा अर्थ नुकसान, हानी. ‘अरेरे, वाईट झालं’ म्हणतानाही तोच शब्द येतो. ते मूळ उद्योगाचे संस्थापक एमिल श्कोडा यांचं आडनाव, ते बदलायचं कोणाला सुचलं नाही. आज चेक लोकांच्याच देशात सर्वांत जास्त खपणारी गाडी कोणती? स्कोडा. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला तिची ऑक्टाव्हिया २००१ पासून जोडली जाऊ लागली. ज्यांची ती मातृभाषा, ज्यांना तो अर्थ रोज ऐकू येतो, ते लोक सर्वाधिक गाड्या घेतात. यादीच्या नियमाला याहून मोठा तडा कोणता हवा?

याचं कारण साधं आहे. वस्तू नावामागे जात नाही, नाव वस्तूमागे जातं. ‘टेम्पो’ शब्द पाहा. हँबर्गजवळच्या विडाल कंपनीचं ते व्यापारी नाव. नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो काढून ते भारतात आणलं. मूळ अर्थ गती. आज तो पूर्ण मराठी शब्द आहे आणि त्याचा अर्थ भाजी, फर्निचर, नवरदेवाची वरात वाहून नेणारं वाहन. गती कुठल्या कुठे गेली. त्याच कंपनीची मॅटाडोर घ्या. स्पेनमध्ये मॅटाडोर म्हणजे रिंगणात बैलाला मारणारा. पोळ्याला बैलाला न्हाऊ घालून, शिंगं रंगवून, पुरणपोळीचा घास देणाऱ्या या राज्यात बैल मारणाऱ्याच्या नावाची गाडी! याहून वाईट अर्थ काय असू शकतो? पण खेड्यापाड्यांत दूध, भाजी आणि लग्नाची वऱ्हाडं तिनेच वाहिली. कित्येक भागांत कोणत्याही लांबट व्हॅनला ‘मॅटाडोर’ म्हणायची सवय लागली. हा अर्थ त्या गाडीने कमावला. आणि लोकांना कंपनीचं नाव पसंत पडलं नाही तर ते दुसरं ठेवून मोकळे होतात. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसला ‘छोटा हाथी’ कोणी केलं? मालवाहतूक करणाऱ्यांनी. काळी-पिवळी, वडाप, टमटम, डुक्कर ही नावं कोणत्या जाहिरात कंपनीने शोधली? डुक्कर म्हणून हिणवलेल्या त्या सहा आसनी रिक्षांत बसून माणसांनी सिव्हिल हॉस्पिटल गाठलं, परीक्षेची केंद्रं गाठली.

टाटा सुमोचा किस्सा तर या बाबतीत फार बोलका आहे. लोकांना वाटतं ते जपानी मल्लांचं नाव आहे. खरं तर ‘सु’ आणि ‘मो’ ही टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, उभी करणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या रोमन लिपीतल्या नावातली अक्षरं. ठेवणाऱ्याने एका माणसाचा मान राखला, ऐकणाऱ्याला आडदांड पैलवान दिसला. दोन्ही अर्थ शेजारी शेजारी राहिले आणि गाडी १९९४ पासून पंचवीस वर्षं धावली.

मग या यादीने बिघडतं कुठे? तिने आपल्या मनात आपल्याच भाषेची धास्ती बसवली आहे. नाव परदेशात चालेल का, कुठे त्याचा भलता अर्थ तर निघणार नाही, या भीतीने देशी शब्द आधीच बाजूला टाकले जातात. ‘पद्मिनी’, ‘चेतक’, ‘मारुती’ ही नावं ज्या देशात घराघरांत पोचली, तिथल्याच कंपन्या आता अशी नावं शोधतात जी कुठल्याच भारतीय भाषेत काही म्हणत नाहीत. थार सोडली तर नाशिकच्या कारखान्यातून निघालेल्या गाड्यांची नावं वाचा. बोलेरो, झायलो, क्वांटो, व्हेरिटो, मराझ्झो. शेवटी ‘ओ’ असला की गाडी चालते असं महिंद्रामध्ये इतकं घट्ट मानलं गेलं की एक्सयूव्ही ५०० चा उच्चारसुद्धा ‘फाइव्ह डबल ओ’ असा करवून घेतला. शेवटी ‘ओ’ असलेल्या नावांनीही मार खाल्ला, क्वांटो हा त्यातलाच. स्पेनच्या उत्तरेची बास्क भाषा आपल्याला चालते, गोदावरीकाठची मराठी चालत नाही. आणि चेक कंपनी मात्र चाकणला बनणाऱ्या गाड्यांसाठी संस्कृतात शिरते, ‘कुशाक’ आणि ‘कायलाक’ अशी नावं काढते, आणि ती निर्यातही करते. तिला भीती वाटत नाही, कारण आपल्या आडनावाचा अर्थ काय होतो हे ठाऊक असूनही तिने त्याच नावाने वर्षानुवर्षं धंदा केला आहे.

माझी मागणी सरळ आहे. सातपुरातून पुढची नवी गाडी निघेल तिला या जिल्ह्यातलं नाव द्यावं. साल्हेर द्यावं. बागलाणातला हा किल्ला १५६७ मीटर उंच, राज्यातला सर्वांत उंच. १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. उच्चाराला सोपं, लिहायला सुटसुटीत, हॅरियर आणि डस्टर यांच्या पंक्तीला सहज बसणारं नाव आहे. ते नको असेल तर अंजनेरी आहे, ब्रह्मगिरी आहे, मांगी-तुंगी आहे. निर्यात विभागाने खुशाल वीस भाषांचे जाणकार बसवून त्याचा कुठे वाईट अर्थ निघतो का ते तपासावं, तपासणं हे त्यांचं कामच आहे. समजा एखाद्या देशात निघालाच, तर त्या एका देशापुरती पाठीवरची सहा अक्षरं बदलावीत. पण इथल्या कारखान्यात, इथल्या हातांनी जोडलेल्या गाडीवर इथे आधी साल्हेर लिहावं, आणि तिच्यात इंजिन, गिअर आणि किंमत ही तिन्ही या वेळी नीट असावीत.